वर्म्सला थ्रीडीची हौस कशाला?

संपादक साहेब,

जुना टूडी गेम गाजला की तो थ्रीडीत आणा ही मागणी होतेच, म्हणून लिहितोय. वर्म्सचं काय झालं बघा की. १९९५ चा टीम सेव्हन्टीन कंपनीचा गेम, अळ्यांच्या टोळ्या एकमेकींना शस्त्रांनी उडवतात तो, एकाच कॉम्प्युटरवर पाळीपाळीने खेळायचं, वाऱ्याचा अंदाज घेऊन बटण किती वेळ दाबून बझूका सोडायचा ते ठरवायचं, अख्खं मैदान बाजूने दिसतं त्यामुळे नेम किती हुकला ते लगेच कळतं आणि बाकीचे खिदळतात ती मजा वेगळीच. २००३ ला वर्म्स थ्रीडी आला, दिसायला झकास होता हो, पण आता समोरचा किती लांब उभाय तेच नीट कळेना, निन्जा रोपवर (म्हणजे गेममधल्या दोरावर) झोके घेत जाणं तर पार अवघड होऊन बसलं, अर्धी पाळी कॅमेरा फिरवण्यातच जायची. डाव टाकणार कधी? नंतर कंपनीच परत बाजूच्या व्ह्यूवर आली, २०१२ च्या वर्म्स रेव्होल्यूशनमध्ये चित्रं थ्रीडी पण खेळ टूडीच, हे मला पटलं. रीमेकवाल्यांनी गेम खुशाल नटवावा, फक्त नेम धरायची पद्धत बदलायच्या आधी चार जुन्या खेळाडूंना खेळायला बसवा ना राव.

– एक वाचक, पुणे