बालूने पळवला पंखा

महोदय,
विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तेव्हा भाच्याने माझ्या ४ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स ही कार्यप्रणाली घालून दिली; पडद्यावरची मांडणी, म्हणजे डेस्कटॉप, केडीई प्लाझ्मा नावाचा. महिनाभर सुरळीत चाललं. मग डीटीपीच्या दिवसांतल्या लग्नपत्रिका, अहवाल, स्मरणिका अशा हजारो फायली हार्डडिस्कवर उतरवल्या आणि एकही प्रोग्रॅम उघडा नसताना पंखा घरघरू लागला. दुकानदार म्हणाला, "काका, संपलं याचं. नवीन घ्या."

घरी सिस्टिम मॉनिटर उघडला; कोणता प्रोग्रॅम यंत्राला किती राबवतोय ते तो दाखवतो. यादीत सगळ्यात वर 'बालू_फाइल_एक्स्ट्रॅक्टर'! शोधताना मजकूर चटकन सापडावा म्हणून हा प्रत्येक फाइल उघडून सूची करत बसतो. बिचारा माझंच काम करत होता, फक्त न सांगता. सेटिंग्जमधल्या 'फाइल सर्च'मध्ये जाऊन फक्त फायलींची नावं घे, आतलं वाचू नकोस, असं त्याला सांगितलं. पंखा गप्प. नव्या लॅपटॉपचे पैसे खिशातच.

आपल्या तंत्रज्ञान पानावर नव्या यंत्रांची वर्णनं भरपूर असतात. हातातल्या यंत्रात पडद्यामागे काय चाललंय ते कसं बघायचं, हेही कधी छापा. विंडोजवाल्यांसाठी कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबलं की तशीच यादी दाखवणारा टास्क मॅनेजर उघडतो, निदान एवढं तरी.

– एक निवृत्त डीटीपी ऑपरेटर, मिरज