परत मिळालेला व्हिडिओ शाबूत असतोच असे नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चुकून फॉरमॅट झालेल्या डिस्कवरून फायली परत कशा मिळवाव्यात, हे सांगणारे लेखन पुष्कळ वाचायला मिळते. पण परत आलेली फाइल धड आहे की नाही हे कसे ठरवावे, याचा उल्लेख त्यात क्वचितच असतो. व्हिडिओच्या बाबतीत ही उणीव मला चांगलीच भोवली, म्हणून हे पत्र.

काही महिन्यांपूर्वी सारख्या दिसणाऱ्या दोन एक्स्टर्नल हार्ड डिस्कपैकी भलतीच मी फॉरमॅट केली. दोष सर्वस्वी माझाच. ते क्विक फॉरमॅट होते, आणि त्यात फायलींची नोंदवही तेवढी कोरी होते, डेटा बहुतांशी जागेवरच राहतो. (विंडोज व्हिस्टापासूनच्या पूर्ण फॉरमॅटमध्ये डिस्कभर शून्ये लिहिली जातात, आणि एसएसडीवर 'ट्रिम', म्हणजे कोणती जागा आता मोकळी झाली हे ड्राइव्हला कळवणारी आज्ञा, चालून गेली असेल तर क्विक फॉरमॅटनंतरही सहसा काही हाती लागत नाही, त्या मानाने मी सुदैवी.) फोटोरेक या मोफत प्रोग्रॅमने सापडतील तितक्या फायली मी दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतल्या. मूळ नावे गेली होती, पण थंबनेल दिसत होते, आकार पटत होते आणि लावून पाहिलेले चार-पाच व्हिडिओ व्यवस्थित सुरू झाले. तेवढ्यावर विसंबून मी मूळ डिस्क पुन्हा वापरात घेतली.

पुढे एकदा आईच्या आठवणींचे चित्रण पाहायला बसलो. प्लेअर लांबी बेचाळीस मिनिटे दाखवत होता. सतराव्या मिनिटाला आईच्या चेहऱ्यावर हिरवे-करडे चौकोन उमटले, चित्र गोठले, आवाज बंद पडला आणि वेळेचा आकडा मात्र निमूटपणे पुढे सरकत राहिला.

असे का होते, ते समजून घेण्याजोगे आहे. एमपीफोर फाइलमध्ये 'मूव' नावाच्या भागात सूची असते, म्हणजे एकूण लांबी किती आणि कोणती फ्रेम फाइलमध्ये कुठे आहे याच्या नोंदी. प्रत्यक्ष चित्र आणि आवाज 'एमडॅट' या भागात असतात. प्लेअर लांबी दाखवतो ती सूचीत वाचून, आणि थंबनेलला एखादी फ्रेम पुरते. नोंदवही नसताना फायली शोधणारा प्रोग्रॅम सुरुवातीच्या खुणेवरून फाइल ओळखतो आणि पुढचा डेटा सलग आहे असे बहुतेक वेळा धरून चालतो. फाइल डिस्कवर तुकड्यांत विखुरलेली असेल तर दुसऱ्या तुकड्याच्या जागी भलताच डेटा येतो. आकार बरोबर, आतला ऐवज चुकीचा. माझे चित्रण एडिट करून साठवलेले होते आणि त्याची सूची आरंभीच होती, त्यामुळे ते वरवर निर्दोष दिसले. याउलट अनेक कॅमेरे सूची शेवटी लिहितात. ती हरवली तर फाइल उघडतच नाही. नुकसान मोठे, पण निदान ते लपत तरी नाही. अशा वेळी त्याच कॅमेऱ्याने, त्याच सेटिंगवर घेतलेली एखादी चांगली फाइल नमुना म्हणून दिली, तर अनट्रंकसारखा प्रोग्रॅम सूची नव्याने बांधू शकतो.

तेव्हा तपासणी म्हणजे पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत संपूर्ण डीकोडिंग, म्हणजे साठवलेला डेटा उलगडून प्रत्यक्ष चित्र आणि आवाज तयार करणे. एफएफएमपेग या मोफत प्रोग्रॅमला फाइल पूर्ण डीकोड करायला, आउटपुट कुठेही न साठवायला आणि फक्त चुका नोंदवायला सांगता येते. सगळ्या फायली रांगेत लावून रात्रभर हे काम चालू ठेवता येते. डीकोड न करता नुसती नव्या फाइलमध्ये प्रत काढणे ही तपासणी नव्हे, कारण त्यात चित्र उलगडलेच जात नाही. नोंदलेली प्रत्येक तक्रार म्हणजे बिघाड असेही नाही, धडधाकट फायलींतही वेळेच्या नोंदींबद्दल किरकोळ कुरबुरी निघतात. पण एका ठिकाणापासून चुकांची रांगच लागली, तर तिथे स्वतः पाहावे. एमटीएस या, अनेक कॅमकॉर्डर वापरतात त्या प्रकारच्या फायलींत तर डेटा लहान-लहान स्वतंत्र पॅकेटांत असल्यामुळे एका चित्रणात दुसऱ्याचा तुकडा बेमालूम मिसळू शकतो, आणि तो डोळ्यांनीच पकडावा लागतो. फॉरमॅट होण्यापूर्वी काढलेल्या चेकसमची (फाइलमधल्या डेटावरून काढलेल्या, ठशासारख्या ओळख-आकड्याची) यादी कोणाकडे असेल तर प्रश्नच मिटतो. नंतर काढलेला चेकसम फाइल तेव्हापासून बदललेली नाही, एवढेच सांगतो.

ही तपासणी पूर्ण होईपर्यंत मूळ डिस्कवर एक अक्षरही लिहू नये, जमल्यास तिची सेक्टरगणिक प्रतिमा, म्हणजे संपूर्ण डिस्कची हुबेहूब नक्कल, काढून ठेवावी. तसे मी केले असते, तर विखुरलेला उरलेला भाग शोधण्याची संधी होती. आता त्या जागेवर दुसरेच काही लिहिले गेले आहे, आणि आईच्या चित्रणाला मी नाव दिले आहे, 'सतराव्या मिनिटापर्यंत'.

आपला,
एक वाचक