आई, उंदरांच्या कामाबद्दल

ती. आई-बाबांस,
सा. न.

फोनवर आई रडते आणि मी गप्प बसते, म्हणून लिहितेय. सोमवारी मी प्रयोगशाळेतल्या प्राण्यांच्या विभागात रुजू झाले. तुम्हाला न विचारता, हे चुकलंच. पण विचारून तरी मी ऐकलं असतं का?

काम दम्याच्या औषधांचं आहे. उंदरांना आपणहून दमा होत नाही. अंड्याच्या पांढऱ्यातलं प्रथिन आधी टोचायचं, मग त्याचाच फवारा हुंगायला द्यायचा, की त्यांच्याही श्वासनळ्या सुजतात. काहींना औषध, काहींना नुसतं पाणी. शेवटी फुप्फुसं तपासतात, म्हणजे ते जगत नाहीत. आई, हे तुझ्यापासून लपवणार नाही. भूल देऊनच करतात, आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणाऱ्या समितीच्या मंजुरीशिवाय एकही उंदीर जादा घेता येत नाही.

बाबा, तुमची रात्रीची मॉन्टेल्युकास्टची गोळी श्वासनळ्या आवळणाऱ्या ज्या द्रव्याला अडवते, ते 1940 साली गिनीपिगच्या फुप्फुसातच हाती लागलं होतं. प्राणी फसवतातही. हिस्टामिन, म्हणजे अ‍ॅलर्जीत अंगात सुटणारं द्रव्य, अडवलं की गिनीपिग सावरायचे, माणसाचा दमा मात्र तेवढ्याने हटला नाही. अल्टून्यान नावाचे डॉक्टर तर स्वतःच दमेकरी. गिनीपिगच्या केसांचा अर्क हुंगून दमा ओढवून घ्यायचे आणि स्वतःवर औषधं तपासायचे. त्यातून क्रोमोग्लायकेट हे दम्याचं औषध आलं. मी तसलं काही करणार नाही, घाबरू नका.

परवा पहिल्यांदा उंदीर उचलला. शेपटीला धरून नाही, ओंजळीत. बोटांवर त्याचं काळीज धडधडत होतं. आपल्याकडे ऊस पेटवला की अंगणात काजळी पडायची, बाबा उशी पोटाशी धरून बसायचे, आई पाठ चोळायची, आणि मी बाबांच्या छातीतल्या शिट्ट्या मोजत झोपायचे. तेच आठवलं.

मेसच्या पोळ्या मऊ असतात. मास्क, हातमोजे घालते, कपडे तिथेच बदलते, अंघोळ केल्याशिवाय देवाच्या फोटोजवळ जात नाही. दोन-चार शिंका येतात, एवढंच.

आता ऐका. बाबा, बरं वाटलं तरी रोजचा पंप बंद नाही. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची ती नळी, लावूनच, आणि नंतर चूळ भरायची. धाप लागली की घ्यायचा निळा पंप उशाशी, कपाटात नाही. नुसत्या अडुळशाच्या काढ्यावर राहायचं नाही. आई, धूप बंद, उदबत्तीही नको, समईवर भागव. रागावून सांगत नाहीये गं.

दिवाळीला येतेय. तळण बाबा घरात असताना काढू नकोस, मी आल्यावर मागच्या पडवीत करू.

तुमची,
छकुली