सिस्टर, तुम्ही विचारलंत म्हणून

सिस्टर,

तुमचं नाव इथे लिहीत नाहीये, तुम्हाला ते आवडणार नाही हे माहितीये मला. पण पत्र सगळ्यांसमोर लिहितेय, कारण तुम्ही मला जे सांगितलंत ते ओव्हरीचा कॅन्सर झालेल्या कितीतरी मुलींना कोणी सांगतच नाही आणि विचारायचं तरी कसं हे त्यांनाही कळत नाही.

गाठ सापडली तेव्हा घरात सगळ्यांचं एकच, आधी जीव वाचू दे, बाकीचं नंतर बघू. मायेनेच म्हणत होते. पण ते "बाकीचं" नंतर बघता येत नाही ना, काय काढायचं काय ठेवायचं ते ऑपरेशनमध्येच ठरतं. तुम्ही फॉर्म भरून घ्यायला आलात, सगळ्यांना बाहेर थांबायला सांगितलंत आणि सरळ विचारलंत, "पुढे मूल हवंय का गं तुला? डॉक्टरांशी बोललीस ह्यावर?" मी नुसती बघत राहिले. मग तुम्ही एका कोऱ्या कागदावर गर्भपिशवी आणि दोन बाजूला दोन ओव्हरी काढल्यात, एका ओव्हरीवर आणि तिच्या ट्यूबवर फुली मारलीत आणि म्हणालात, दुसरी चांगली असेल तर ती आणि पिशवी ठेवता येते का हे उद्या राउंडला स्वतःच्या तोंडाने विचार.

विचारलं. डॉक्टर नीट बोलले, म्हणाले की तरुण मुलींमध्ये जो जर्म सेल ट्यूमर, म्हणजे ओव्हरीतल्या बीजपेशींपासून होणारी गाठ, होतो तो बहुतेक वेळा एकाच बाजूला असतो, केमोला चांगला रिस्पॉन्स देतो, त्यामुळे शक्य असेल तिथे दुसरी बाजू वाचवतातच. आणि ऑपरेशन चालू असताना तपासणीत शंका वाटली तर घाईने सगळं न काढता फायनल रिपोर्टची वाट बघता येते. हे मला आधी माहीत असणं आणि नंतर कळणं ह्यात केवढा फरक आहे! एग फ्रीझिंगचं, म्हणजे बीजं काढून पुढच्यासाठी गोठवून ठेवण्याचंही तुम्हीच काढलंत, फर्टिलिटीच्या डॉक्टरांची वेळ घेऊन दिलीत. त्याला साधारण दोन आठवडे इंजेक्शनं घ्यावी लागतात आणि माझ्या केमोला तेवढं थांबणं बरोबर नव्हतं, म्हणून ते झालं नाही. पण निदान मी ते समजून उमजून सोडलं, कोणी परस्पर ठरवलं नाही.

केमोनंतरचं तर बोलायलाच कोणी नव्हतं. पाळी बंद, अंगाला घाम फुटायचा, खाली इतका कोरडेपणा की नवरा जवळ आला तरी भीतीच वाटायची, आणि तोही मला हात लावायला घाबरायचा, मला दुखेल म्हणून. आम्ही दोघं गप्प. तुम्ही फॉलोअपला ब्लडचे रिपोर्ट बघता बघता विचारलंत, "आणि तुमचं दोघांचं कसं चाललंय?" त्यावर मी जे रडले ते तुम्हाला आठवत असेल.

मग खुर्ची ओढून बसलात आणि एकेक सांगितलंत. दात आवळून सहन करायचं नाही, दुखतंय तर थांबायचं, कारण दुखणार ह्या भीतीने आतले स्नायू अजून आवळले जातात आणि मग जास्तच दुखतं. खालच्या कोरडेपणासाठीचं मॉइश्चरायझर वेगळं, ते आठवड्यातून दोन तीनदा लावायचं, संबंध असोत नसोत, आणि लुब्रिकंट त्या वेळेपुरतं. कंडोम असेल तर तेलवालं काही नको, लेटेक्स फाटतं. पाळी आली नाही म्हणजे दिवस राहणारच नाहीत असं अजिबात धरून चालू नकोस, डॉक्टर हो म्हणेपर्यंत काळजी घ्या. एवढं करूनही दुखलं तर पेल्विक फ्लोअरची, म्हणजे ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची, फिजिओथेरपी असते. आणि जवळ येणं म्हणजे दर वेळी तेवढंच नसतं, हे तुम्ही त्याला आत बोलावून सांगितलंत. त्याचा चेहरा इतका मोकळा झालेला मी कित्येक महिन्यांत बघितला नव्हता.

माझ्या शेजारच्या बेडवर जी होती, तिच्या दोन्ही ओव्हरी आणि पिशवीही काढावी लागली होती, अजून लग्नही झालेलं नव्हतं. तिलाही तुम्ही तेवढाच वेळ दिलात. इतक्या लहान वयात मेनोपॉज आला की हाडं आणि हृदय दोन्हीची काळजी घ्यावी लागते, तुझ्या टाइपच्या कॅन्सरमध्ये हार्मोनच्या गोळ्या चालतील का हे डॉक्टरांना विचारच, असं तिला सांगितलंत. लग्न झालं नाही म्हणून तिच्याशी ह्या विषयावर बोलायचं नाही असं तुम्ही केलं नाहीत. खूप ठिकाणी नेमकं तेच होतं आणि मला त्याचा फार राग येतो.

माझी पाळी परत सुरू झालीये. एएमएच, म्हणजे ओव्हरीत बीजं किती उरलीयेत त्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी, कमी आलीये, पण नुसत्या त्या आकड्यावरून दिवस राहतील की नाही हे ठरत नाही असं डॉक्टर म्हणाले. मूल हवंय का हे आमचं अजून पक्कं नाहीये, पण आता आम्ही दोघं त्यावर बोलतो, सिस्टर. मोठ्याने, भांडून, हसून. पुढच्या फॉलोअपला दोघं येतोय आणि ह्यावेळी प्रश्नांची यादी त्याने केलीये. थोडा वेळ काढून ठेवा, खूप मोठी आहे.

मनापासून थँक्यू.

तुमची,
खिडकीजवळच्या बेडवरची