हेडलेस गिटार घ्यावी का? – मित्रास पत्र

प्रिय मित्रा,

तुझा प्रश्न वाचला, दोन ओळींत उत्तर देणं काही जमेना, म्हणून सरळ पत्रच लिहायला घेतलंय, निवांत वाच. हेडस्टॉक (नेकच्या टोकाचा, तारा आवळायच्या खुंट्यांचा भाग) नसलेली, तिरक्या फ्रेटची (नेकवरच्या धातूच्या पट्ट्या), मागून पैलू पाडल्यासारखा नेक (गिटारचा लांब दांडा) असलेली ती गिटार घ्यावी की नाही? माझं मत आधीच सांगून टाकतो, घे. पण साउंडसाठी घेऊ नकोस, शरीरासाठी घे. खांदा दुखायला लागल्यापासून तू उभं राहून वाजवणं जवळजवळ सोडलंयस आणि तुझ्यासारख्या माणसाचं वाजवणं असं कमी होत जाताना मला बघवत नाही रे. (गिटार बदलली तरी खांदा डॉक्टरांना दाखवायचाच, ते टाळू नकोस.)

आता वजनाचं बघ. गिब्सनची लेस पॉल गिटार सहज 4 किलोच्या आसपास जाते, काही तर त्याहून जड असतात. स्ट्रॅन्डबर्ग कंपनीच्या बोडेनसारखी हेडलेस गिटार साधारण 2 ते 2.5 किलोत बसते. पण नुसत्या किलोंवर जाऊ नको, वजन किती यापेक्षा ते कुठे आहे हे जास्त महत्त्वाचं. हेडस्टॉक आणि त्यावरची सहा ट्यूनर्स (त्याच खुंट्या) म्हणजे काठीच्या टोकाला अडकवलेली पिशवी, स्वतः फार जड नसते पण टोकाला आहे म्हणून ओढते, आणि नेक खाली झुकू नये म्हणून आपला डावा हात नकळत तिला उचलून धरतो. म्हणजे ज्या हाताने कॉर्ड धरायचे, बेंड करायचे (तार ढकलून सूर चढवायचा), त्याच हाताला वर हे हमालीचं काम, आणि ते आपल्या लक्षातही येत नाही कारण शिकलो तेव्हापासून तसंच चाललंय. हेडस्टॉक गेला, ट्यूनिंग ब्रिजपाशी (बॉडीवर तारा टेकतात तिथे) आलं की हे काम संपतं. मी पहिल्यांदा अशी गिटार पट्ट्याला लावून दोन्ही हात सोडले तेव्हा ती जिथे होती तिथेच राहिली, आणि मग डाव्या हाताला जो मोकळेपणा वाटला तो अजून वाटतो. बसून वाजवायलाही चांगली, डाव्या मांडीवर क्लासिकल पद्धतीने ठेवली की नेक आपसूक वर येतो आणि पाठ वाकवावी लागत नाही.

ही कल्पना काही कालपरवाची नाही. नेड स्टाइनबर्गर नावाचा माणूस, मुळात फर्निचर डिझाइन करणारा, 1980 च्या आसपास त्याने हेडलेस बेस बाजारात आणला, कार्बन फायबर आणि इपॉक्सीचा, बॉडी म्हणजे नुसता एक छोटा आयताकृती ठोकळा. मला त्याच्याबद्दल फार आदर वाटतो, कारण खुर्ची बनवणारा जसं आधी बसणाऱ्याचं शरीर बघतो तसंच त्याने वाद्याकडे बघितलं, हेडस्टॉक कशाला लागतो असं थेट विचारलं आणि उत्तर मिळेना तेव्हा काढून टाकला. मग त्याच धर्तीच्या गिटारही आल्या, जॅझ-फ्यूजनवाल्या अ‍ॅलन होल्ड्सवर्थसारखा अवघड वाजवणारा माणूस त्या वाजवायचा. स्टाइनबर्गरचा ट्रान्सट्रेम नावाचा ट्रेमोलो (सूर खाली-वर करायची दांडी) तर कमालच आहे, दांडी दाबली की सगळ्या तारा सारख्या अंतराने खाली जातात, म्हणजे अख्खा कॉर्ड सुरात राहून खाली-वर होतो. एकदा ऐकच.

ट्यूनिंगच्या बाबतीत मी खूश आहे. साध्या गिटारवर तार नटच्या (नेकच्या टोकाची खाचांची पट्टी) खाचेतून पुढे जाऊन ट्यूनरला गुंडाळलेली असते, खाचेत थोडी जरी अडकली तरी बेंड केल्यावर जागेवर परत येत नाही, तुझ्या गिटारची जी तार सतत उतरते तिचं कारण बहुतेक हेच आहे. हेडलेसमध्ये तार नटपाशीच आवळून टाकलेली असते, गुंडाळण्याचा भाग नाही, पलीकडे तार जवळजवळ उरतच नाही. बऱ्याच मॉडेलना झिरो फ्रेटही (नटपाशीच एक जादा फ्रेट) असतो, त्यामुळे मोकळी तार आणि दाबलेली तार यांचा आवाज एकाच जातीचा येतो. नव्या तारा ताणल्या जाईपर्यंत उतरणारच, ते कुठल्याही गिटारवर होतं.

पण याची दुसरी बाजू नीट ऐकून घे. तार बदलायला ॲलन की (षटकोनी टोकाची किल्ली) लागते, ती हरवली की तू अडकलास. तार तुटली की बॅगेतून की काढा, स्क्रू सैल करा, नवी तार लावा, आवळा, जास्तीची कापा, कार्यक्रमाच्या मधे हे सगळं करायचं म्हणजे घाम फुटतो, आणि स्क्रू जोरात आवळला तर बारीक तार तिथेच कापली जाते. ब्रिजवरच्या ट्यूनिंगच्या गोल चकत्या तार चढत जाईल तशा जड होतात, काही गिटारवर बोटं दुखेपर्यंत. जुन्या स्टाइनबर्गर पद्धतीच्या गिटारला तर दोन्ही टोकांना बॉल असलेल्या तारा लागतात आणि त्या कुठेही मिळतील अशा नसतात, काहींना साध्या तारांसाठी अ‍ॅडॅप्टर बसतो. म्हणून घेतानाच बघ, साध्या तारा चालतात ना, नसतील चालत तर माझ्या मते विषय तिथेच संपव. क्लिपवाला ट्यूनर (सूर दाखवणारं यंत्र) लावायला जागा नाही, हेडस्टॉकवर अडकवायचा भिंतीवरचा हूकही कामाचा नाही, पण या बारीक गोष्टी, सवय होते.

तिरके फ्रेट. दिसायला सगळ्यात विचित्र तेच आणि लोक सगळ्यात जास्त त्यालाच घाबरतात, पण खरं सांगू, दहा-पंधरा मिनिटांत विसरायला होतं. जाड तारेला लांबी जास्त, बारीक तारेला कमी, एवढंच. राल्फ नोवाकने 1989 मध्ये याचं पेटंट घेतलं, पण 16 व्या शतकात इंग्लंडमध्ये ऑर्फेरियन नावाचं एक तंतुवाद्य होतं त्यावरही तिरके फ्रेट दिसतात, म्हणजे कल्पना किती जुनी बघ. फायदा ताणाचा आहे. तीच तार, तोच सूर, पण लांबी 25.5 इंचांऐवजी 27 इंच केली तर ताण साधारण 12 टक्के वाढतो, कारण ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. खूप खाली ट्यून करणाऱ्यांना, सात-आठ तारांवाल्यांना याचा खरंच उपयोग होतो, खालची तार लोंबकळत नाही, सूर स्वच्छ राहतो. तू मात्र सहा तारा आणि साधं ट्यूनिंगवाला माणूस. सहा तारांच्या बोडेनवर दोन टोकांच्या लांबीत फरकच अर्ध्या इंचाचा आहे, 25 आणि 25.5, म्हणजे त्रास नाही आणि मोठा लाभही नाही. त्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नकोस. सरळ फ्रेटची हेडलेस मिळत असेल तर तीही तुला तितकीच चांगली, वर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) नीट बसेल आणि पुढेमागे पिकअप (तारेखालचे चुंबक) बदलायचे झाले तर तिरके शोधत फिरावं लागणार नाही.

आता नेक. इथे मला तुझी खरी काळजी आहे. स्ट्रॅन्डबर्गचा जो एंड्युरनेक म्हणतात तो मागून गोल नाही, सपाट पैलूंचा आहे आणि हे पैलू नेकच्या लांबीभर जागा बदलत जातात. हेतू असा की अंगठा सपाट भागावर टेकावा, वर सरकताना त्याला वाट मिळावी, मनगट वाकू नये. अंगठा मागे मधोमध ठेवून वाजवणाऱ्यांसाठी हे वरदान आहे, मनगट सरळ राहतं म्हणजे राहतंच, बोटं लांब ताणावी लागणारे कॉर्ड कमी जोरात धरता येतात. पण तू तर अंगठा वरून आणून जाड तार दाबतोस, हेंड्रिक्स दाबायचा तसा, आणि तुझे ते ब्लूजचे बेंड सगळे अंगठ्याच्या त्या पकडीवर उभे आहेत! त्या पकडीला पैलूची कड तळहातात जाणवते. काहींना आठवड्याभरात जाणवेनाशी होते, काही जण वैतागून सोडून देतात, आणि तू कुठल्या गटात जाशील हे मी इथे बसून सांगू शकत नाही. तुझा तो बेंड तुझी ओळख आहे, गिटारच्या नादात तो घालवू नकोस. पैलूंचा नेक नाही जमला तरी साध्या गोल नेकची हेडलेस मिळते, आयबानेझनेही 2021 पासून क्यू सिरीज काढली आहे. म्हणजे हेडलेस हवी म्हणून तो नेक घेतलाच पाहिजे असं अजिबात नाही, दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि बरेच लोक त्या एकात धरतात.

साउंडबद्दल तू सगळ्यात जास्त लिहिलंयस आणि मी सगळ्यात कमी लिहिणार. हलक्या बॉडीने आवाज पातळ होतो, हेडस्टॉक नसेल तर सस्टेन (सूर टिकून राहणं) जातो, असं कुणी सांगितलं तर मनावर घेऊ नको. तार पिकअपच्या चुंबकावर थरथरते, त्यातून सिग्नल निघतो, आणि त्यात मोठा वाटा पिकअपचा, ते कुठे बसवलेत त्याचा, तारांचा, तुझ्या उजव्या हाताचा, मग अ‍ॅम्प आणि स्पीकरचा. गिटार पोटाला लागते तिथे हलकी बॉडी जास्त थरथरते, ते छान वाटतं, पण समोरच्याला ते ऐकू जात नाही. तुला तुझ्या सध्याच्या अ‍ॅम्पमधून तुझाच आवाज येईल, थोडा स्वच्छ, थोडा घट्ट.

एक गंभीर तोटा राहिला, सुटे भाग. साध्या गिटारचं ट्यूनर खराब झालं तर दुसऱ्या कंपनीचं बसतं, पण हेडलेसचे ब्रिज आणि लॉक बहुतेक ज्याचे त्याचे वेगळे. पार्कर कंपनीची फ्लाय गिटार आठवते ना? 1993 ची, लाकडावर कार्बन फायबरचा पातळ थर, स्टीलचे फ्रेट, काळाच्या किती पुढची गिटार होती ती, आणि 2016 मध्ये उत्पादन बंद झालं. बनवणारेच थांबले की खास त्याच गिटारसाठी केलेले भाग शोधत फिरणं वाजवणाऱ्याच्या नशिबी येतं. म्हणून गिटार घेताना एक-दोन लॉक स्क्रू आणि एखादं सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो भाग) सोबत घेऊन ठेव, मिळत असतील तर.

दिसण्याचं म्हणशील तर गिब्सनची फ्लाइंग व्ही 1958 ला आली तेव्हा कुणी घेईना, वर्षभरात गुंडाळावी लागली, आणि आज ती बघून कुणाला काही वाटत नाही. लोक काय म्हणतील हा विचार डोक्यातून काढ, समोरच्यांना तू वाजवतोस ते ऐकायचंय.

वाजवून बघायला जाशील तेव्हा तुझा नेहमीचा पट्टा घेऊन जा आणि बसून वाजवू नकोस, उभा राहा, निदान अर्धा तास. पहिल्या फ्रेटवरचा एफ बार कॉर्ड धरून ठेव आणि मनगट काय म्हणतंय ते बघ. मग बी तारेवर तुझे मोठे बेंड, अंगठा वरून आणून. पाम म्यूट करताना (तळहाताने तारा दाबून आवाज बुजवताना) ब्रिजच्या स्क्रूंची टोकं हाताला टोचतायत का तेही बघ, काही गिटारवर टोचतात. तार तुझ्या हाताने एकदा उतरवून परत चढव, दुकानदार नको म्हणाला तरी विचार. आणि जुनी गिटार विकायची घाई करू नको, निदान सहा महिने दोन्ही ठेव, तुझी जुनी रेकॉर्डिंग ज्या हाताच्या सवयीतून आलीत ती सवय त्या गिटारवर आहे.

अर्धा तास उभं राहून वाजवल्यावर खांद्याला कसं वाटलं ते त्याच दिवशी रात्री कळव, मी वाट बघतोय.

तुझाच,
जुना साथीदार