पट्टे माझ्या पायात, पासवर्डही माझ्याकडेच

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

पायातल्या पट्ट्यांचं ॲप तुझ्याही फोनला जोडून द्यावं, म्हणजे बाबा रोज कसे चालतात ते बंगळुरात बसून दिसेल, असं तू लिहिलंस. ते मी करणार नाही. फोनवर हल्ली पार्किन्सनच्या दुखण्यामुळे माझा आवाज बसतो, आणि अक्षर इतकं बारीक होत जातं की माझं मलाच लागत नाही. म्हणून मी सांगतोय आणि आई टाइप करतेय. कंसातली मतं तिची.

दोन्ही घोट्यांना एकेक आणि कमरेला एक, अशा तीन डब्या आठवडाभर बांधायच्या. प्रत्येकीत ॲक्सेलरोमीटर आणि जायरोस्कोप. पहिला वेगातला बदल टिपतो, दुसरा पाय कोणत्या बाजूला किती झपाट्याने वळला ते. टाच टेकली की आलेखात टोक उठतं. एकाच पायाच्या दोन टोकांमधला वेळ सारखा येतोय की कमीजास्त होतोय, यावरून चाल किती विस्कटली ते कळतं. मीटर टेस्टिंगमध्ये उभी हयात गेली माझी. यंत्र समजल्याशिवाय अंगाला लावून घेतलं नसतं.

खरी गंमत पाय गोठतात तेव्हाची. स्वयंपाकघराच्या दारात मी अडकतो ते तू पाहिलंयस: अंग पुढे जातं, तळवे जमिनीला चिकटतात, पोटऱ्या थरथरतात. साध्या चालण्यात पायाची हालचाल सेकंदाला तीन आवर्तनांच्या आतली असते. ही थरथर सेकंदाला तीन ते आठ आवर्तनांची असते. दोन्हींच्या जोराचं गुणोत्तर काढून गोठणं ओळखायची रीत 2008 साली प्रसिद्ध झाली. साधी आणि देखणी. पण कधी थरथर नसतेच, नुसतंच चिकटणं. तेव्हा यंत्राला वाटतं, म्हातारा निवांत उभा आहे. म्हणून आईची वही चालूच आहे. (वहीला चार्जिंग लागत नाही.)

एवढा खटाटोप कशाला? कारण डॉक्टरांसमोर मी ताठ चालतो. पाच मिनिटं लक्ष देऊन कुणीही बरं चालतं, ते म्हणालेही, “काका, इथे सगळेच छान चालतात.” घरी चहाचा कप घेऊन वळताना काय होतं ते तिथे दिसत नाही. पट्ट्यांनी ते दाखवलं. दुपारी चारची गोळी घ्यायच्या आधीच पावलं आखूड व्हायची, वळायला जास्त पावलं लागायची. म्हणजे लेव्होडोपाचा, याच दुखण्यावरच्या माझ्या गोळीचा, आधीचा डोस तेवढा वेळ पुरत नव्हता. गोळी वाढवली नाही, दोन गोळ्यांमधलं अंतर कमी केलं. शिवाय डाळ, पनीर यांतली प्रथिनं आतड्यात औषधाच्या आड येतात, म्हणून गोळी जेवणाच्या बरीच आधी. आता संध्याकाळी सोसायटीच्या बागेला फेरी होते.

आलेखाचा उपयोग हा एवढाच: आठवडाभराचा कल बघून वेळा बसवणं. एकेका दिवसाच्या आकड्याला फार अर्थ नाही. झोप झाली नाही, पोट साफ नाही, रिक्षा खड्ड्यातून गेली, की आकडा हलतो. तो तुला दिसला की तू फोन करणार. फोन वाजला की मी उठणार, चालत चालत बोलणार, आणि चालताना बोलणं हेच या दुखण्यात सगळ्यात धोक्याचं. मेंदूला एका वेळी एकच काम झेपतं; बोलण्यात लक्ष गेलं की पाय अडकतात. तुझ्या काळजीनेच मी पडायचो. (हे मात्र खरं आहे गं.)

आणखी एक. मी रोज किती लडखडतो हे लेकीने मोजत बसावं, हे मला रुचत नाही. याला हट्ट म्हण.

पुढच्या तपासणीला मात्र व्हिडिओ कॉलवर ये. डॉक्टर आलेख उघडतात तेव्हा काय विचारायचं ते विचार, मी मध्ये बोलणार नाही. आणि गणपतीला येताना रुंद, गडद रंगाची चिकटपट्टी आण. स्वयंपाकघराच्या दारात पावलापावलावर आडव्या रेघा मारायच्यात. रेघ ओलांडायची म्हटलं की अडकलेला पाय उचलला जातो. (पिवळी नको, फरशीवर दिसत नाही.)

तुझा,
बाबा