कामगारांच्या आरोग्यनिधीतली दलाली उघड करा

मा. संपादक,

अमेरिकेतील टीमस्टर्स या ट्रकचालकांच्या युनियनचा इतिहास आपल्याकडील कामगार नेत्यांनी मुद्दाम वाचावा. आरोग्यनिधीत मालक भरतो ती रक्कम कामगाराच्या घामाचीच असते. १९४७च्या टाफ्ट-हार्टली कायद्याने त्या निधीवर मालक आणि युनियन यांचे समसमान विश्वस्त नेमणे बंधनकारक केले, तरीही शिकागोच्या माफियाशी लागेबांधे असलेल्या ॲलन डॉर्फमन यांच्या कंपनीकडे आजारपणाचे दावे निकाली काढण्याचे काम वर्षानुवर्षे राहिले. डिसेंबर १९८२मध्ये सिनेटरला लाच देण्याच्या कटात ते दोषी ठरले आणि शिक्षा भोगण्याआधीच, जानेवारी १९८३मध्ये, भर दिवसा एका हॉटेलच्या वाहनतळावर त्यांना गोळ्या घालण्यात आल्या.

अशी लूट दलालीत आणि ‘व्यवस्थापन खर्चा’त मुरते, कामगाराला तिचा पत्ता लागतो तो बायकोच्या शस्त्रक्रियेचे बिल नामंजूर होऊन हाती पडल्यावर. युनियनच्या हिशेबाच्या वह्या मी अनेक वर्षे सांभाळल्या आहेत, म्हणून हे पोटतिडकीने लिहीत आहे. आपल्या युनियनांनीही गट आरोग्य विमा घेताना मध्यस्थाला नेमके किती पैसे मिळतात, तो आकडा वार्षिक सभेत सर्व सभासदांसमोर वाचून दाखवावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

– एक निवृत्त कामगार, ठाणे